राखाडी कोटाची दोन बटणं

कॉलरला सदा चार टाचण्या खोचलेल्या, म्हणून सगळी गल्ली तिला टाचणीताई म्हणायची. लोकांचे कपडे आवळून, सैल करून देणं हा तिचा धंदा, आणि जुन्या कपड्यांचं दुकान म्हणजे तिचं दुसरं घर. वीस वर्षं ती तिथे जात होती. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कापड ओळखायची. पण हल्ली पैसेवाल्यांनाही जुन्याचं वेड लागलं, नि भाव असे चढले की जुन्यापेक्षा नवं बरं म्हणायची पाळी आली. एकच सोय उरली होती: महिनाभर न खपलेला माल शनिवारी निम्म्या किमतीत निघायचा.

त्या राखाडी कोटावर तिचा जीव जडला तो लेकीपायी. सोमवारी लेकीची मुलाखत होती, तिसरी. आधीच्या दोन्ही वेळा पोर विटक्या स्वेटरवर गेली आणि हात हलवत परत आली. कोट अस्सल लोकरीचा, किंमत मात्र आवाक्याबाहेर. चिठ्ठीवरची तारीख बघितली तर शनिवारी महिना भरत होता. तोवर तो टिकायचा कसा? तर मंगळवारी बाईनं आरशाआड उभं राहून छोट्या कात्रीनं वरची दोन बटणं कापली आणि पर्समध्ये टाकली. बिनबटणाचा कोट कोण घेतंय? ही युक्ती तिनं आधीही दोनदा केली होती. लाज कसली, तिला तर तिचा थोडा तोराच होता.

शनिवारी दुकान उघडताच ती आत शिरली. कोटाच्या जागी हिरवा झगा लटकत होता. ती तडक गल्ल्यापाशी गेली.

"तो राखाडी कोट गेला का हो?" तिनं होईल तितक्या सहज मालकांना विचारलं.

"बटणं तुटलेला ना? तो चिंध्यांत टाकला. एवढे पैसे मोजल्यावर गिऱ्हाईक तुटकं-फुटकं हातात धरत नाही, ताई. असला माल आता किलोवर देतो. मागे गाडी लागलीय बघा."

घ्या. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा. ती मागच्या दाराकडे धावली. पाच पोती गाडीत चढली होती, दोन खाली होती. मालकही पाठोपाठ आले.

"मला तो कोट हवाय. पोती उघडा ना."

"वजन झालंय. एका कोटासाठी कुठे उपसत बसता?"

गाडीवाल्यानं सहावं पोतं वर फेकलं.

"बटणं मी लावीन."

"तसली बटणं आणणार कुठून?"

"आहेत माझ्याकडे," ती बोलून गेली.

"तुमच्याकडे कशी?" मालकांनी विचारलं. गाडीवाल्यानं सातव्या पोत्याला हात घातला. आता खोटं रचायलाही वेळ नव्हता. तिनं पर्स उघडून दोन्ही बटणं तळहातावर ठेवली.

"म्हणजे तो निळा ब्लेझर? आणि ते पांढरं जाकीट? त्यांची बटणंही तुम्हीच?"

"मीच."

"माल नीट बघून घेत नाहीस म्हणून मी बायकोला बोललो होतो. दोन्ही वेळा. चार लोकांसमोर."

ताईची कानशिलं तापली. आपल्या हुशारीची झळ कुणाला लागत असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. "चुकलं माझं," ती पुटपुटली.

मालकांनी दोन्ही पोती उघडायला लावली. कोट सातव्याच्या तळाशी निघाला. त्यांनी निम्मी किंमत घेतली, वर एक पैसा नाही. "घरचं माणूस समजत होतो तुम्हाला," ते म्हणाले. "आता पुन्हा या दारात येऊ नका."

सोमवारी सकाळी लेकीनं कोट चढवला. खांद्यात कसा बेतून शिवल्यासारखा बसला. आरशासमोर ती तीनदा वळली.

"आई, कुठे मिळाला गं? नोकरी लागली की आपण दोघी जाऊ त्या दुकानात. तुझ्यासाठीही बघू एखादा."

टाचणीताई वाकून तिचं वरचं बटण लावत होती.

"नको गं," ती म्हणाली. "ते दुकान आता मला परवडत नाही."