‘म्हणजे?’ विचारायचा नियम

साखर कारखान्यातले किस्से मळीसारखे साठतात. कोणता आधी घडला, हे मला आता सांगता येत नाही. काही तर मी स्वप्नातच पाहिले असतील.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. विलायतेहून तर्कशास्त्राची डॉक्टरेट घेऊन मी नगर जिल्ह्यातल्या एका कारखान्यात आलो होतो. यंत्रं कशी चालवायची, हे शंकेला जागा न ठेवता गणिती चिन्हांत लिहायचं, हे माझं वेड.

चीफ इंजिनिअर म्हणाले, "डॉक्टर, गळीत हंगामाची मोळी टाकेपर्यंत मुदत. लोकांनी तुमचं लिहिलेलं आपणहून वापरलं तर राहा. नाहीतर पुण्याला जाऊन पोरं शिकवा!"

*

पहिला कागद बॉयलरपाशी चिकटवला. त्यात उलटा 'ए' होता, अर्थ, 'प्रत्येक'. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर अख्खा कागद उलटा!

बॉयलरवरचे रामभाऊ, दुष्काळी तिसगावचे, म्हणाले, "सायेब, 'ए' सरळ केला. बाकीचं उलटं झालंय, ते तुमी बघा!"

त्या रात्री स्वप्नात माझी चिन्हं वाफेबरोबर चिमणीतून उडून गेली.

*

मग साधं मराठी लिहिलं. 'टाकीत भरपूर पाणी असल्यास पंप बंद करावा.' रामभाऊ अर्ध्या टाकीलाच बंद करायचे. धरणाकाठचा, अकोले तालुक्यातला किसन पाणी वाहून चाललं तरी चालू ठेवायचा.

चीफ ओरडले, तर किसन म्हणाला, "साहेब, भरपूर कुणाचं? तिसगावचं का आमच्या भंडारदऱ्याचं?"

टाकीवर लाल रेघ ओढली आणि एकच नियम ठेवला : शब्दाचे दोन अर्थ निघत असतील, तर हात थांबवून 'म्हणजे?' विचारायचं.

*

नियम फक्त थट्टेत चालला. रामभाऊ सांगायचे, "घरी इचारलं, 'भाकरी म्हंजे?' लई म्हागात पडलं. उपाशी निजलो!"

मी मनातल्या मनात बॅग भरत होतो.

*

मोळी टाकायचा दिवस. बॉयलर पेटलेला, हार-नारळ मांडलेले. पांढऱ्या वाफेत माणसं ढगातून चालल्यासारखी दिसत होती.

वरून रामभाऊंची हाक आली, "किसन, गेजची काच वाढली!"

गेज बॉयलरमधलं पाणी दाखवतो. पाणी वाढलं समजून किसनचा हात व्हॉल्व्हकडे गेला. पाणी तोडलं असतं, तर बॉयलर कोरडा पडला असता.

हात थांबला. "वाढली म्हंजे?"

"आरं, फुटली! शुभ दिशी 'फुटली' बोलाया लावलंस ना!"

बॉयलरच्या दुसऱ्या गेजच्या काचेत पाणी ठीक असल्याचं बघून घेतलं. चीफनी नारळ माझ्या हातात दिला. "डॉक्टर, वाढवा."

मी हात उचलला, तोच मागून किसन, "साहेब, वाढवा म्हंजे?"

चीफनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, देवाच्या तसबिरीला हात जोडले.

"फोडा!"