पादुकांची सोळा छिद्रं

माझ्या पुतण्याच्या घरी दर भाद्रपदात पादुकांचा उत्सव होतो. त्याचं माहितीपत्रक आता छापून मिळतं. त्यात लिहिलं आहे की, मध्य भारत हे राज्य मोडून नवं राज्य होत होतं त्या सुमारास आमचे गुरुमहाराज या पादुका घालून तीन दिवस उज्जैनीत फिरले. तो फिरणारा मी होतो. आणि फिरलो तो कोठी रोडवरच्या एका साहेबाच्या लॉनवर.

मी तेव्हा बी.ए. होऊन रिकामा होतो. ग्वाल्हेरच्या बागेतल्या नोकरीतून सुटलेला एक म्हातारा माळी मला उज्जैनीच्या फ्रीगंज भागात भेटला आणि आम्ही दोघांनी धंदा काढला. बंगल्यांच्या लॉन दुरुस्त करून द्यायच्या. साहेबलोकांशी बोलायचं मी, काम करायचं त्यानं. माळी लॉनवर उकिडवा बसायचा, वैद्यानं नाडी धरावी तशी गवतात बोटं खुपसायचा आणि मान हलवायचा. "ऊपर से हरी, नीचे से मरी. बरसों की सूखी घास दबी पड़ी है बाबूजी, न हवा जाए न पानी." मग तो लोखंडी दाताळ्यानं खालचं वाळकं गवत खरडून काढायचा. ढीग इतका निघे की साहेबाला वाटे, आपली लॉनच उपटून चालवली आहे. त्यानंतर जमिनीला थोड्या थोड्या अंतरावर भोकं पाडायची आणि त्यांत वाळू नि कुजलेलं शेणखत भरायचं.

भोकं पाडायला आमच्याकडे एक सब्बल, म्हणजे पहार, होती. कोठी रोडची लॉन मोठी होती आणि साहेबाला ती आठ दिवसांत हवी होती. दोन दिवसांत माळ्याची कंबर धरली. तेव्हा मला सुचलं की खडावांना खालून खिळे ठोकावेत आणि नुसतं चालावं. बाजारातली खडाव पहिल्याच खिळ्याला उभी चिरली. जाड, जुन्या शिसवीच्या खडावा मी एकाच ठिकाणी पाहिल्या होत्या. आमच्या देवघरात.

अप्पा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीची दप्तरं सोपवायला चार दिवस ग्वाल्हेरला गेले होते. त्यांच्या हातात नव्या राजधानीच्या, भोपाळच्या बदलीचा हुकूम होता. हो म्हणायचं की मुदतीआधी पेन्शन घ्यायची, हे त्यांचं ठरत नव्हतं. जाण्याआधी पादुकांपुढे बसून ते मोठ्यानं म्हणाले होते, "महाराज, मी येईपर्यंत काय तो कौल द्या."

आईचं मात्र ठरलं होतं. आमच्या घरात चौदा माणसं, आणि चूल माझ्या काकूच्या ताब्यात. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी आमटीत गूळ किती घालायचा हे आई ठरवू शकत नव्हती. भोपाळला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं. आईनं ट्रंक भरायला घेतली होती, आणि कधी नव्हे ते ती गुणगुणत होती.

मी पादुका पिशवीत घातल्या आणि प्रत्येकीला आठ खिळे ठोकले. त्या तीन दिवस चोख चालल्या. अंगठ्याला फोड आले, पण भोकं अशी सुरेख पडत होती की माळीसुद्धा म्हणाला, "बी.ए. में यही सिखाते हैं क्या?" फाटकाबाहेरून जाणाऱ्या दोन बायकांनी मला नमस्कार केला. उज्जैनीत खडावा घालून सावकाश चालणाऱ्याला हात जोडायला वेगळं कारण लागत नाही.

चौथ्या दिवशी पादुका धुऊन, भोकं मेणानं बुजवून जागेवर ठेवायचा बेत होता. अप्पा तिसऱ्याच संध्याकाळी आले. टांग्याचा आवाज ऐकून मी मागच्या विहिरीपाशी पकडीनं खिळे उपसले आणि पादुका तशाच देवघरात सरकवल्या.

सकाळी पूजेला बसलेल्या अप्पांनी हाक मारली, ती शेजारीही ऐकू गेली. सगळे धावलो. अप्पांच्या हातात पादुका होत्या, तळाला काळी माती होती आणि मातीत हिरव्यागार दूर्वा.

"भाद्रपदात दूर्वा!" अप्पा म्हणाले. "महाराज चिंतामण गणपतीला जाऊन आले."

"पायी?" काकूनं विचारलं.

"मग काय टांगा करतील?"

शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर चष्मा लावून आले. त्यांनी पादुका उलट्या करून छिद्रं मोजली. "सोळा! षोडशोपचार. आणि माती बघा, इथलीच, काळी. कौल अगदी स्पष्ट आहे, गाव सोडू नका."

भोपाळची मातीही काळीच असते, हे कुणी म्हणालं नाही. मलाही म्हणता आलं असतं. मी अंगठ्याला चिंधी बांधून दारात उभा होतो. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडावं असं वाटलं, पण अप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं, पोस्टमास्तर आरती सुरू करत होते, आणि खरं सांगायचं तर मला माराची भीती वाटत होती. बाविसाव्या वर्षी. मी टाळ्या वाजवल्या.

दुपारी अप्पांनी पेन्शनचा अर्ज लिहिला. आईनं ट्रंकेतली भांडी एकेक काढून काकूच्या फडताळात परत लावली. गुणगुणणं थांबलं, ते कायमचं.

सांगायचं धाडस पंधरा वर्षांनी झालं. तोवर मी शाळेत मास्तर होतो आणि अप्पा अंथरुणाला खिळले होते. मी सगळं सांगितलं. माळी, लॉन, खिळे, पकड. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"खिळे ठोकायची बुद्धी तुला कुणी दिली?"

"कुणी नाही. माझीच."

"तुझी?" अप्पा हसले. "तुला बुद्धी होती कधी? महाराजांनीच दिली. नाही तर चौदा माणसांच्या घरात तीन दिवस कुणाच्या लक्षात आलं नसतं?" आणि समाधानानं कुशीवर वळले.

आई दारात तांदूळ निवडत बसली होती. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नवी साडी नेसून म्हणाली, "चल, टांगा बोलाव. मला ती लॉन दाखव."

आम्ही कोठी रोडला गेलो. साहेब बदलले होते, पण लॉन होती. चौकीदाराला मी म्हटलं, "भैया, माताजी को बस घास देखनी है." त्याला गंमत वाटली, त्यानं आत सोडलं. लॉन खरोखर छान होती. दाट आणि एकसारखी, गालिचा पसरावा तशी. मला, लाज वाटते सांगायला, जरासा अभिमानच वाटला.

आईनं चपला काढल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मध्ये एकदा वाकून तिनं गवतात बोटं घातली. मग परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"गवतच आहे की रे हे," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.