पलीकडच्या काठावर ताई

ताईने आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला तो त्या नावेसाठी. तेव्हा ती चौपन्न वर्षांची होती. नावेत चढताना साडी पायात येते, असं तिने मोबाइलवर कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. हिंगणघाटच्या बाजारातून तिने निळा तयार ड्रेस आणला, बाह्या उसवून लांब केल्या, आणि निघायच्या सकाळी तो घालून बाहेर आली. दादा गाडीत सामान भरत होता. त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय ताई, कॉलेजात नाव घातलं का?"

वहिनी हसली. मीही हसलो. ताई आत गेली तेव्हा मला वाटलं, आता साडी नेसून येते. पण ती फक्त एक मोठी ओढणी घेऊन आली आणि मागच्या सीटवर माझ्या मुलीशेजारी बसली.

ताई आम्हा तिघांत थोरली. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती अठराची. तिच्यासाठी आलेली पहिली स्थळं बाबांनी परत पाठवली, कारण मी लहान होतो. नंतरची दादाने परत पाठवली, कारण तेव्हा दुकान नवीन होतं आणि घरात करणारं कोणी नव्हतं. मग स्थळं येणंच थांबलं. दादाचं लग्न झालं, माझं झालं, सुना आल्या, पण सकाळी चार वाजता उठून चूल पेटवल्यासारखी गॅसची शेगडी पेटवणारी ताईच राहिली.

सहल तिच्याच डोक्यातून निघाली होती. कारंजा तालुक्यात एका धरणाच्या पलीकडच्या काठावर कोणीतरी लाकडी खोल्या बांधल्या होत्या. वीज नाही, मोबाइलला नेटवर्क नाही, तिकडे जायला रस्ताही नाही. लांबट, निमुळत्या कॅनूत बसायचं, गावातला वाटाड्या वल्हं मारत नेतो, रात्री राहायचं आणि सकाळी परत. ताई वर्षभर मागे लागली होती. शेवटी फेब्रुवारीत एका शनिवारी दादा हो म्हणाला. माझ्या बायकोची परीक्षेची ड्यूटी होती म्हणून ती घरी राहिली. निघालो ते पाच जण: दादा, वहिनी, मी, माझी नऊ वर्षांची मुलगी आणि ताई.

धरणावर अकराला पोचलो. वाटाड्या पन्नाशीचा, काटक माणूस होता. आधी तो याच पाण्यात जाळी टाकायचा. त्याने प्रत्येकाला लाइफ जॅकेट चढवलं, आमच्या सामानाकडे पाहिलं आणि डोकं हलवलं.

"एका खेपेत नाई होत, साहेब. पाच माणसं बसतीन, नाई तर चार माणसं आन् सामान. असं करा, सामान गाडीत ठेवा. तुमाले सोडतो आन् सामानासाठी परत येतो."

"आन् तिकडे पोचून काय उपाशी बसायचं?" दादा म्हणाला. त्याला भूक लागली होती. डब्यांत ताईने पहाटे उठून केलेल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या होत्या, धपाटे होते, मिरचीचा ठेचा होता. "ताई, तू थांब इथं. आमाले सोडून तो तुले न्यायले येतेच."

ताईने लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतःच आवळले होते. ती पाण्याच्या अगदी कडेला उभी होती, एक चप्पल ओलीही झाली होती. तिने दादाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी डबे नावेत ठेवत होतो. मी ते ठेवत राहिलो.

"किती वेळ लागन?" तिने वाटाड्याला विचारलं.

"तासाभरात येतो, बाई."

आम्ही निघालो. पाणी काचेसारखं होतं. माझी मुलगी पुढे बसून हात बुडवत होती. मधोमध पोचलो तेव्हा मला आठवलं की गाडीची किल्ली दादाच्या खिशात आहे. मी तसं म्हणालो. दादा म्हणाला, "झाडं आहेत ना तिथं."

पलीकडे उतरून सामान खोलीत लावेपर्यंत वारा सुटला. अर्ध्या तासात पाण्यावर लाटा उठल्या. वाटाड्याने काठावर उभं राहून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला की रिकामी नाव या वाऱ्यात उलटते, थोडं थांबावं लागेल. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती. आमच्यापैकी कोणाच्या होती, ते मला सांगता येत नाही.

आम्ही जेवायला बसलो. खोलीसमोर लाकडी ओटा होता, तिथून पलीकडचा काठ दिसायचा आणि त्यावर ताईच्या जॅकेटचा नारिंगी ठिपका. दादाने एक वडी उचलून उंच धरली आणि पाण्याच्या दिशेने ओरडला, "ताई! ये जेवाले! मस्त झाल्या वड्या!"

इतक्या लांब आवाज जाणं शक्य नव्हतं. म्हणूनच ते फार विनोदी वाटलं. वहिनीला ठसका लागला. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. वाटाड्या पाठ करून बसला होता. त्याने आमचं जेवण घेतलं नाही, स्वतःची भाकर सोडली.

त्याच्याकडे पक्षी दाखवायची दुर्बीण होती. मुलीने ती डोळ्याला लावली आणि म्हणाली, "बाबा, आत्यानं अजून जॅकेट काढलंच नाही. बसून आपल्याकडंच पाहून राह्यली."

साडेतीनच्या सुमारास वारा पडला. वाटाड्या लगेच उठला. तेवढ्यात दादा म्हणाला, "आधी त्या पाण्यातल्या बेटाकडे एक चक्कर मारू. उन्हं उतरल्यावर पक्षी काय दिसतीन?"

वाटाड्या वल्हं हातात घेऊन थांबला. मग त्याने मला विचारलं, बहुधा मी धाकटा म्हणून, बहुधा माझ्याकडून त्याला काही वेगळं अपेक्षित होतं म्हणून. "तुमी सांगा, साहेब. बाईले आनू का आधी? सकाळपासून बसली हाय ते."

हो म्हणायला मला एक क्षण पुरला असता. दादा रागावला नसता, फार तर तोंड वाकडं केलं असतं. पण मुलगी जॅकेट घालून तयार होती, ऊन छान पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर ताई आली की ती सगळ्यांच्या मागे मागे करत राहणार, पाणी पी, टोपी घाल, काठावर जाऊ नको, याचा मला कंटाळा आला होता.

"आधी चक्कर मारू," मी म्हणालो. "ताईले सवय आहे थांबायची."

वाटाड्याने माझ्याकडे पाहिलं आणि नाव पाण्यात लोटली.

बेटाजवळ खूप बदकं होती. आम्ही फोटो काढले. एका फोटोत लांब मागे तो नारिंगी ठिपकाही आला आहे.

पाचला वाटाड्या आम्हाला सोडून एकटा पलीकडे गेला. परत आला तेव्हा नावेत कोणी नव्हतं. पुढच्या फळीवर ताईचं लाइफ जॅकेट घडी करून ठेवलं होतं. मी धावत पाण्यात गेलो.

"कुठं आहे?"

"गेल्या बाई. संत्र्यावाल्याचा ट्रॅक्टर चालला होता हायवेले, त्याच्यावर बसल्या. मी लय म्हनलं, चला. म्हने, मी नाई येत." त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दादाला दिली. "हे तुमच्या बीपीची. त्याईच्या पर्समंदी राह्यली होती. जेवल्यावर एक घ्याची, असं सांगजो म्हने."

"काही बोलली का?" मी विचारलं.

"विचारलं मले, का वारा कधी पडला." तो नाव वर ओढू लागला. "मी खरं सांगलं, साहेब."

दादा म्हणाला, "नाटकं आहेत." जेवल्यावर त्याने गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो तेव्हा ताई स्वयंपाकघरात होती. तीन बस बदलून ती रात्री घरी आली होती, हे बायकोने सांगितलं. ताईने आम्हाला वाढलं. मुलीला विचारलं, कोणते पक्षी पाहिले? मी दोनदा तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. दोन्ही वेळा तिने मला बाजूला व्हायला सांगितलं, कारण मी फडताळाच्या दारासमोर उभा होतो.

दीड महिन्याने ती समुद्रपूरला गेली. तिथे तिची शाळेतली मैत्रीण एकटी राहते, दोघी मिळून नोकरदारांचे जेवणाचे डबे करतात. जाताना ती एका पेटीत मावेल एवढंच घेऊन गेली. दादा दुकानातून उठला नाही. मी पेटी बस स्टँडवर नेतो म्हणालो, तर तिने रिक्षा आधीच बोलावली होती.

पहिल्यांदा मी तिच्याकडे गेलो तेव्हा माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. दोन खोल्यांचं घर, दारात डब्यांची चळत. तिने दार उघडलं. ती बारीक झाली होती आणि बरी दिसत होती. मला वाटलं, आता म्हणेल, काऊन रे, एवढा वाळला काऊन.

"या," ती म्हणाली. "बसा."

मी बसलो. ज्या बाईने मला न्हाऊ-माखू घातलं, चुकलं की धपाटा घातला, तिने मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी..."

"साखर किती घेता?" तिने विचारलं.

त्यानंतर मी आणखी दोनदा गेलो आहे. ती चहा करते, माझ्या मुलीची चौकशी करते, कपाखाली बशी देते. दादाचं नाव काढत नाही. वाईट एक शब्दही बोलत नाही. परवा मी न राहवून म्हणालो, "ताई, मले शिव्या दे, पण 'तुम्ही' नको म्हणू."

तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं, आपण दुकानात अनोळखी गिऱ्हाइकाकडे पाहतो तसं.

"घ्या," ती म्हणाली. "चहा थंड होऊन राह्यला तुमचा."