कात्रीत गेलेल्या ओळी

साठ सालाच्या आसपास आमच्या चिकपेटेतल्या कापडाच्या दुकानावरून एक गृहस्थ रोज कामावर जात. कन्नड वर्तमानपत्रात वाचकांची पत्रं छाटून छापायला देण्याचं काम त्यांचं. बोटांना लाल शाई, खिशात छोटी कात्री. माझे वडील नगरपालिकेविरुद्ध दोन-दोन पानं लिहीत आणि छापून येत चार ओळी. मग वडील त्यांना हाक मारून भांडत, "निम्मं पत्र खाल्लंत की हो!"

ते पायरीवर टेकून शांतपणे म्हणत, "जागा स्वल्प असते, अण्णा. तक्रार ठेवली, घरचं काढलं."

मला तो माणूस कोरडा वाटे. पण गल्लीतला दिवा त्या चार ओळींनीच लागला, हे खरं.

वडील गेले. तेराव्यानंतर ते गृहस्थ आले, पायरीवर न टेकता माझ्या हातात पाकीट दिलं. "छापता आलं नाही, अक्का. फेकवलंही नाही."

आत वडिलांच्या अक्षरातल्या कागदाच्या पट्ट्या होत्या. दिव्याच्या पत्रातली सर्वांत वर होती : 'माझी मुलगी टायपिंगच्या क्लासहून याच अंधारातून येते. मी रोज कोपऱ्यावर उभा असतो. तिला ठाऊक नाही. कळलं तर रागावेल.'