खाडीला वळसा

वसईत हट्टी माणसांची टंचाई कधीच नव्हती, पण माझ्या मामेसासऱ्यांच्या शेजारी उभं केलं तर ती सगळी मंडळी गरीब गाय ठरतील. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा, नंदाखालचे ख्रिस्ती, केळी-नारळाचे बागायतदार. अंगाने काटकुळे, पण आवाज असा की बागेतून हाक मारली तर रस्त्यावरचा सायकलवाला उतरून उभा राही. एकदा न्हाव्याने न विचारता मिश्या बारीक केल्या, तर पुढची कित्येक वर्षं मामांनी स्वतःचे केस स्वतःच कापले, मानेवरचेसुद्धा, आणि ते कसे दिसतात हे सांगायची कुणाची छाती झाली नाही. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी जिना चढायला बंदी केली, त्याच आठवड्यात मामा नारळावर चढले आणि वरून ओरडले, "हा जिना नाही." रागावले की ते घरची बोली टाकून थेट पुस्तकी मराठीत शिरत. त्यामुळे आतल्या खोलीतूनही मामींना त्यांचा पारा कळे.

असे ते आयुष्यात सर्वात जास्त पुस्तकी बोलले ते एकुलत्या एक मुलीशी, एकोणीसशे बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास. तिने लग्न ठरवलं होतं. मुलगा शिक्षक, हिंदू, आणि राहणारा दातिवऱ्याचा. दातिवरे म्हणजे अर्नाळ्याच्या समोर, वैतरणेच्या खाडीपलीकडे. होडीने जेमतेम अर्धा तास. या तिन्हींपैकी मामांना नेमकं काय खुपलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही, सगळा राग खाडीवर काढला. "ही खाडी ओलांडून मी तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही," असं ते म्हणाले. मुलगी त्यांचीच. ती म्हणाली, "नका ठेवू. पण तुम्ही आल्याशिवाय मीही या घरात येणार नाही." आणि गेली. मामी दर महिन्याला होडीने जाऊन येत. त्या दिवशी पहाटे दाराशी केळ्यांची उत्तम फणी ठेवलेली असे. ती कोणी ठेवली हे मामींनी कधी विचारलं नाही आणि मामांनी कधी सांगितलं नाही.

नात झाल्याचा निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा माझ्या शाळेत आले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत मास्तर होतो. वर्गातल्या भिंतीवर जिल्ह्यांचा नकाशा होता. मामांनी चष्मा लावून अर्नाळ्यावर बोट ठेवलं आणि ते वैतरणेच्या काठाने उजवीकडे सरकवत नेलं, पार सह्याद्रीपर्यंत, त्र्यंबकच्या डोंगरात नदी संपेपर्यंत. तिथे वळसा घालून बोट उत्तरेच्या काठाने खाली उतरलं आणि दातिवऱ्यावर येऊन थांबलं. "ओलांडली का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही." "मग झालं तर." मी त्यांना समजवायला हवं होतं, पण मला तो बेत इतका आवडला की मीच खडू घेऊन मुक्कामांच्या खुणा करू लागलो.

मग सुरू झाली तयारी, आणि ती काही वर्षं चालली. वाडा तालुक्याकडून कुणी तांदूळ विकायला आला की तांदूळ राहायचा बाजूला, आधी त्याची उलटतपासणी. पाणवठा कुठे, कुत्री चावरी आहेत का, खोडाळ्याच्या पुढे रात्री कोण निजायला देईल? रोज सकाळी पाठीवर शहाळ्यांचं पोतं घेऊन ते कळंब ते अर्नाळा वाळूतून चालत, कारण वाळूत टिकलेला गुडघा डोंगरात दगा देत नाही असा त्यांचा शोध होता. वाटेतल्या उपनद्यांचं काय, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "त्यांच्याविषयी मी काही बोललोच नव्हतो." फादरांनी समजावलं की रागातली शपथ देव मनावर घेत नाही. मामा म्हणाले, "देवाला मी कुठे बोललो, फादर? पोरीला बोललो." दरवर्षी निघायचं ठरे आणि दरवर्षी बाग आडवी येई. पाणी चुकलं तर केळ जाते, आणि पाण्याची पाळी त्यांनी कधी दुसऱ्याच्या हाती दिली नव्हती. शेवटी एका मे महिन्यात मामींनीच पदर खोचला. "बाग मी बघते. तुम्ही जा एकदाचे," त्या म्हणाल्या, "पोर सहा वर्षांची झाली." त्या वेळी मामी पुस्तकी बोलल्या नाहीत, पण मामांना पारा कळला.

मला शाळेची सुट्टी होती, मी बरोबर निघालो. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरूनच सुरुवात करायची हा मामांचा आग्रह. तिथल्या होडीवाल्याच्या कानावर आमचा बेत गेलाच होता, तो पडशी बघून हसला. "पंदरा दिस चालनार? बसा ना मामा, पानी शांत हाय. दोन बिड्या सरायच्या आत पोचवतो." मामांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि मिठागरांच्या बांधावरून पूर्वेकडे चालू लागले.

त्या चालण्याचं सगळं सांगत बसत नाही. पाय सोलले, धरण आडवं आलं तेव्हा त्यालाही वळसा घातला, आणि ज्यांनी ज्यांनी कुठे निघालात म्हणून विचारलं त्यांना मामांनी "दातिवऱ्याला" असं खरं उत्तर दिलं, ते ऐकून लोक आम्हाला परत समुद्राकडचा रस्ता दाखवत. त्र्यंबकच्या डोंगरात नदी एवढीशी झाली की मी उभ्या उभ्या पलीकडे पाय टाकू शकलो असतो. "मामा, एक टांग टाका आणि सुटा," मी म्हटलं. मामा ताठ झाले. "मी लबाडी करण्यासाठी इतका चाललेलो नाही." आणि सुजलेला गुडघा धरून ते करवंदीच्या जाळ्यांतून आणखी तासभर वर चढले, जिथे माती हाताला कोरडी लागली तिथे थांबले, आणि मगच वळले. मी मागून शिव्या घालत होतो. आज वाटतं, असा ताठा मी आयुष्यात एकदा तरी दाखवायला हवा होता.

सतराव्या दिवशी एडवणच्या वाळूतून आम्ही दातिवऱ्यात शिरलो. लेकीच्या घराच्या ओटीवर एक मुलगी शिंपले मांडून बसली होती. तिने वर बघून विचारलं, "कोण पाहिजे?" डॉक्टरांपासून फादरांपर्यंत सगळ्यांना तोंडावर उत्तर देणारा माणूस खाली वाकून वहाणा काढू लागला. तेवढ्यात आतून मामांची लेक आली. तिने बापाचे सोललेले पाय पाहिले, त्याच्या मागे उभ्या असलेल्या मला पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"होडी बंद होती का, बाबा?"

"चालू होती."

ती आत गेली आणि पाय धुवायला पाण्याची कळशी घेऊन आली. जावयाने मामांसाठी खुर्ची पुढे केली आणि मामा तिच्यावर बसले. चार दिवस आम्ही राहिलो. येत्या रविवारी नातीला घेऊन नंदाखालला येते, असं लेकीने कबूल केलं.

आता परतीचे सतरा दिवस माझ्या डोळ्यांपुढे उभे होते. पण पाचव्या दिवशी मामा सरळ होडीवर जाऊन बसले. मी तोंडाकडे बघत राहिलो तेव्हा म्हणाले, "जायचं बोललो होतो. यायचं नाही." होडी निघाली. किनाऱ्यावर नात उभी होती, पाण्यातून मागेपुढे पळत होती. मामा अर्नाळ्याकडे पाठ करून तिच्याकडे बघत बसले. ती ठिपक्याएवढी झाली तेव्हा घरच्या बोलीत, अगदी हळू म्हणाले, ती चालायला कधी लागली हे लेकीला विचारायचं होतं, पण धीर झाला नाही.

मी त्यांच्या शेजारी, तसाच अर्नाळ्याकडे पाठ करून बसलो.