मामा, कवळी आणि वरचा सूर

काळजी करण्याची परीक्षा असती, तर आमच्या हिचे मामा अख्ख्या खानदेशात पहिले आले असते. आणि मग पेपर तपासणाऱ्याची काही चूक तर झाली नसेल ना, या काळजीनं त्या दिवशी जेवले नसते. मामा एरंडोलचे, लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे. जन्म गेला दुसऱ्यांच्या आनंदात, पण चेहरा कायम दवाखान्याच्या बाकावर बसल्यासारखा. घोडा बुजेल, नवरदेव पडेल, विजेची तार तुटेल, हे सगळं त्यांना वाजवता वाजवता दिसत असतं. भुसावळला गाडी पकडायची तर इतके आधी जाऊन बसतात, की एकदा त्याआधीचीच गाडी आपली समजून चढले आणि नाशिकला निघालेले मामा नागपूरच्या वाटेला लागले. तिथून मला फोन, "जवाईबापू, उशीर तं झाया नही ना?" अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

गेल्या उन्हाळ्यात त्यांचे पुढचे दात गेले, कवळी आली आणि काळजीला हक्काचं घर मिळालं. ट्रम्पेटचा सगळा खेळ ओठांचा. बँडवाले त्याला 'ओठ बसणं' म्हणतात; ओठ बसला तर सूर, नाही तर नुसती हवा. बँडच्या मालकानं स्पष्टच सांगितलं होतं, "मामा, ओठ बसला तर बरंच, नाही तर या लग्नसराईत खुळखुळा धरा." जन्मभर वरातीच्या तोंडाशी वाजवलेल्या माणसानं त्याच गावात खुळखुळा हलवत चालायचं! मामांची झोप उडाली. घरी वाजवून बघावं तर गल्ली ऐकणार, शेतात जावं तर बांधावरचा शेजारी ऐकणार. एवढ्यात जळगावला वाद्यांचं प्रदर्शन लागल्याचं त्यांना कळलं आणि त्यांनी मला गाठलं. "तठे वाजाडी पाहू. तठे माले कोन वळखी?"

वाद्यांच्या प्रदर्शनाला बँडवाले सोडून दुसरं कोण येणार, हे एवढ्या काळजीखोर माणसाच्या ध्यानात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही. दारातून आत पाऊल टाकलं तोच "रामराम, मास्तर!" पहूरचे, भुसावळचे, पार धुळ्याचे बँडवाले, जो तो मामांच्या ओळखीचा. मामांनी माझं कोपर धरलं ते सोडेचनात. मी म्हटलं, परत जाऊ. पण टाय लावलेल्या एका विक्रेत्यानं तोवर चकचकीत ट्रम्पेट त्यांच्या हातात दिलं होतं. "ट्राय करा ना, अंकल." मामांनी जिभेनं कवळी चाचपली, डोळे मिटले आणि फुंकलं. फुस्स! पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. आजूबाजूचे बँडवाले उगाच दुसरीकडे बघू लागले. मामा माझ्या कानाशी पुटपुटले, "उभा राहीसन वाजत नही, जवाईबापू."

मला ती सबब वाटली. मग उमगलं, की या माणसानं आयुष्यात कधी एका जागी उभं राहून वाजवलेलंच नाही. वरात चालली की वाजवायचं आणि ती थांबली की घाम पुसायचा, एवढंच त्यांच्या अंगाला माहीत. मामा चालू लागले. वरातीची ती संथ, खांदे डोलवणारी चाल. स्टॉलच्या बाहेर पडले, मागून विक्रेता "अंकल, अंकल" करत निघाला, त्याच्या मागे मी. आणि दोन स्टॉल ओलांडले तोच सूर लागला! भरदार, गोल, अगदी पूर्वीचा. धुळ्याच्या कुणीतरी ताशा उचलला, पहूरचा एकजण जवळच्या स्टॉलवरचं ट्रम्पेट घेऊन मामांच्या मागून वाजवू लागला आणि नवरदेवाविना वरात निघाली. माझा जीव मात्र टांगणीला, कारण मामा वाजवत होते त्या गाण्याच्या शेवटी एक वरचा सूर आहे आणि तोच खरा अवघड. मामांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. सूर निघाला, लख्ख. टाळ्या पडल्या, सगळ्यांत जोरात माझ्या.

परतीच्या एसटीत बसलो. मी म्हटलं, "आता कसली काळजी? झकास वाजवलंत!"

"बठ्ठं बरं झायं," मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पन वरला सूर मन्हा नव्हता."

बँडवाल्यांत एक रीत आहे. एकाचा ओठ सुटला की शेजारचा किंवा मागचा तो सूर हळूच उचलतो, आणि पुढे कुणी त्याविषयी बोलत नाही. पहूरवाल्यानं रीत पाळली होती. "आजवर मी दुसरास्ले सावरं," मामा म्हणाले, "आज माले सावरं." मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

दुसऱ्याच दिवशी मामांनी मालकाकडे जाऊन मागची जागा आपणहून मागून घेतली. परवा एरंडोलात एका वरातीत मी त्यांना पाहिलं. पुढे नवा ट्रम्पेटवाला, मागे मामा, आणि मामांची नजर त्या माणसाच्या गालांवर खिळलेली. काळजी तीच, फक्त आता त्याच्या ओठांची. वरचा सूर जवळ आला की मामा छाती भरून श्वास घेऊन तयार राहतात. पुढच्याचा सूर नीट लागतो, आणि मामांचा तो श्वास न वाजताच बाहेर पडतो.