ओमनाचे तीन महिने

ओमनाकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिच्या पायामुळे. आलुव्याच्या आमच्या घराचा वरचा मजला आम्ही जोबी नावाच्या तरुणाला भाड्यानं दिला होता. त्यानं तिथं मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा वर्ग काढला. अमेरिकेतले डॉक्टर रोगी तपासून झाला की त्याच्याबद्दल जे बोलून ठेवतात, ते हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. आवाज थांबवायला, मागे न्यायला टेबलाखाली पायानं दाबायची पट्टी असे. मी शाळेत जीवशास्त्र शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते, म्हणून शरीररचना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी वर्गातल्या मुली पट्टी शोधायला टेबलाखाली वाकत होत्या. कोपऱ्यातली एक बाई मात्र पडद्यावरची नजर न हलवता शांतपणे पट्टी चालवत होती. बारा वर्षं शिलाई मशीन चालवलेला पाय होता तो.

"चेची, रिपोर्ट होतोय की ब्लाउज?" शेजारच्या मुलीनं विचारलं. वर्गातल्या मुली तिला चेची, म्हणजे ताई, म्हणत.

"दोन्ही. तुझं माप देऊन ठेव," ओमना म्हणाली. हसली नाही.

बाकीच्या मुलींपेक्षा ती सोळा-सतरा वर्षांनी मोठी होती. नवरा शशिधरन मस्कतहून पाठदुखी घेऊन परत आला होता आणि बहुतेक वेळ पडून असे. ओमनानं पहाटे उठून न्याहारीचा पुट्टू करून ठेवायचा, मुलीला शाळेत धाडायचं, वर्गात यायचं, संध्याकाळी परत मशीनवर बसायचं. माझ्या तासाला तिचे डोळे मिटत, पण प्रश्न विचारला की उत्तर बरोबर यायचं. पावलाच्या वरच्या बाजूला नाडी कुठे लागते हे मी सगळ्यांना चपला काढून शोधायला लावलं, तेव्हा सर्वांत आधी तिलाच सापडली.

महिन्याभरानं जिन्यात तिनं मला गाठलं. "टीचर, एवढं सगळं पाठ केलं तर नोकरी नक्की ना?"

मला माहीत नव्हतं. जोबीच्या फलकावर शंभर टक्के नोकरी असं लिहिलं होतं. मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला की चांगल्या मुलींना मागणी आहे. हे उत्तर नव्हे, हे मला कळलं होतं. तरी मी ओमनाला म्हटलं, "तू कर. तुझं होईल." तीस वर्षं मुलांना हेच सांगत आले होते, सवयीनं तोंडून निघालं.

तिचं झालं, अर्धं. वर्गातल्या सव्वीसजणींपैकी सहाजणींना काक्कनाडच्या एका कंपनीनं घेतलं, त्यात ती होती. तीन महिने उमेदवारी, मग कायम. अट अशी की त्या तीन महिन्यांत रोग्याला अपाय होईल अशी एकही चूक व्हायला नको; झाली तर उमेदवारी पहिल्यापासून. आणि चाळिशी उलटलेल्या कुणाला कंपनी कायम करत नसे. ओमनाची उमेदवारी मार्चअखेर संपत होती. मे महिन्यात तिला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती.

सकाळी सहाची पाळी. दोन बस बदलून जायची. डिसेंबरनंतर मी तिला पाहिलं ते फक्त रविवारी, चर्चवरून परतताना, तिच्या दारात. कपडे वाळत घालता घालता ती दोरीला धरून उभ्याउभ्या डुलकी घेत होती.

पुढचं तिनंच मला सांगितलं. मार्चचा शेवटचा आठवडा. एक डॉक्टर सवयीनं शेवटी म्हणायचा, "बाकी तपासणी नेहमीप्रमाणे." तसं म्हटलं की त्या डॉक्टरचा ठरलेला मजकूर संगणकातून उचलून तिथं घालायचा, ही त्या धंद्यातली रीत. रोज पन्नासदा करायचं काम. ओमनानं तो घातला, रिपोर्ट पुढे पाठवला, पाळी संपवून बसमध्ये बसली. वाटेत पलारिवट्टमला आल्यावर तिच्या लक्षात आलं. त्या ठरलेल्या मजकुरात एक ओळ होती, दोन्ही पावलांतल्या नाड्या चांगल्या लागतात. आणि रिपोर्टच्या पहिल्या परिच्छेदात तिनंच टाइप केलं होतं की या एकाहत्तर वर्षांच्या गृहस्थाचा डावा पाय सहा वर्षांपूर्वी गुडघ्याखाली कापला आहे.

ती उतरली. समोरच्या बाजूला जाऊन परतीची बस धरली.

तपासणीच्या टेबलावर निमिषा होती, ओमनाहून पंधरा वर्षांनी लहान. तिनं रिपोर्ट उघडून पाहिला. तो अजून हॉस्पिटलकडे गेला नव्हता, पण तपासून मोकळा केलेल्यांत पडला होता. म्हणजे निमिषाच्याही नजरेतून सुटला होता.

"चेची, मी हळूच ओळ काढते. नोंद नको. तू घरी जा."

"नोंद न करता काढता येतं?"

येत नव्हतं. मोकळा केलेला रिपोर्ट परत उघडायचा तर कुणाची चूक ते लिहावंच लागे. ओळ तशीच राहू द्यायची किंवा नाव घालायचं, दोनच मार्ग होते.

"तीन दिवस उरलेत तुझे," निमिषा म्हणाली. "तिकडचा डॉक्टर वाचूनच सही करेल ना? त्याला दिसेल."

"तुला दिसलं?" ओमनानं विचारलं. मग म्हणाली, "माझं नाव घाल. मला साडेतीनची बस गाठायचीय."

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी ताक दिलं.

"पाय नाही त्याला, टीचर. आणि मी त्यात नाडी घातली."

तू बरोबर केलंस, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "हो. पण आता घरी काय सांगू?" या वेळी जिन्यातल्यासारखं काहीतरी बोलून टाकायचा मला धीर झाला नाही.

तिची उमेदवारी पहिल्यापासून सुरू झाली. ती तिनं एकही चूक न करता पुरी केली, पण तोवर मे उलटला होता. काम चांगलं म्हणून कंपनीनं तिला कंत्राटावर ठेवलं. पुढे यंत्रच ऐकून लिहायला लागलं. जोबीनं वर्ग बंद करून फलक उतरवला, कायम झालेल्या पाचजणींतल्या तिघी घरी बसल्या. ओमना यंत्रानं लिहिलेलं तपासू लागली. पूर्वीइतकाच वेळ लागतो आणि मोबदला निम्मा, असं ती सांगते. तक्रारीच्या सुरात नाही, विचारलं म्हणून.

आता ती साठीची आहे. आठवड्यातले सहा दिवस, सकाळी सहा ते दुपारी दोन, घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून काम करते. तिचं कंत्राट अजूनही तीन-तीन महिन्यांचंच असतं.